वेगळं माळवं बाजारात नेताना

“परसात कर्टुल्याचे चार वेल आहेत, घरी खाऊन उरतात. बाजारात घेऊन बसले तर कुणी उठवेल का?” “बांधाला ड्रॅगन फ्रूटचे वीस खांब उभे केलेत. आडतीवर नेलं तर म्हणतात, याचा बीट आमच्याकडं होत नाही. मग न्यायचं कुठं?” “लायसन काढावं लागतं म्हणतात, खरं का?”

पावसाळा सुरू झाला की नांदेड आणि लातूरकडच्या वाचकांचे असे प्रश्न येऊ लागतात, आणि दरवर्षी गोंधळ तोच असतो. सोयाबीनचं पोतं मार्केट यार्डात कसं न्यायचं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण पाच किलो वाघाटे, दोन पाट्या अंबाडी किंवा चार डझन ड्रॅगन फ्रूट अशा मालाला यार्डात कुणी विचारत नाही. तो हातविक्रीचा माल आहे. त्याचे नियम वेगळे, भाव ठरवायची रीत वेगळी आणि फसायच्या जागाही वेगळ्या. एकदा समजून घेतलं तर यातला कायद्याचा भाग बराच सोपा निघतो. अवघड आहे ते गिऱ्हाइकाला त्या मालाची ओळख करून देणं.

आधी ठरवा: माल नवा आहे की विसरलेला?

‘वेगळं’ म्हणजे नेमकं काय, हे पाटी भरण्याआधीच ठरवायला हवं. विसरलेला माल म्हणजे कर्टुले, वाघाटे, भोकरं, हादग्याची फुलं, पाथरी, घोळ, तांदुळजा, अंबाडी. आजीच्या पिढीला हे सगळं माहीत आहे. गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं, “अगं, वाघाटे आलेत” म्हणत वळतं आणि भावात फार घासाघीस करत नाही. नवा माल म्हणजे ड्रॅगन फ्रूट, चेरी टोमॅटो, झुकिनी, ब्रोकोली, धिंगरी अळंबी. इथे गिऱ्हाईक थांबतं, बघतं, “ह्ये काय हाय?” विचारतं आणि पुढे जातं.

आम्ही स्वतः एकदा चेरी टोमॅटोत पोळलो आहोत. परसात सात-आठ झाडं लावली होती आणि माल भरपूर आला. तालुक्याच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून बसलो. शेजारी नेहमीच्या टोमॅटोचा ढीग. येणारा प्रत्येक जण एकच म्हणे, “टमाटे लईच बारके राहिलेत की हो, पाणी कमी पडलं का?” दुपारपर्यंत अर्धा किलोसुद्धा गेला नाही. शेवटी शेजारच्या मावशींनी सुचवलं, “किलोनं नका इकू, द्रोणात घाला अन् लेकरांना खायला द्या.” दहा-दहा रुपयांचे द्रोण केले, एकेक टोमॅटो चवीला दिला, आणि तासाभरात पाटी रिकामी झाली. माल तोच होता. फक्त टोमॅटोच्या रांगेतून उठून तो बोरं-चिंचांच्या रांगेत गेला. वेगळा माल कशाच्या शेजारी मांडायचा, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हा सुरुवात विसरलेल्या मालापासून करा. नवा माल न्यायचाच असेल तर सोबत मेथी, कोथिंबीर, लिंबू असा रोजचा माल ठेवा. गिऱ्हाईक कोथिंबिरीसाठी थांबतं आणि नजर दुसऱ्या पाटीवर पडते.

गिऱ्हाईक कोण, हे गावागणिक बदलतं

आपल्या दोन जिल्ह्यांची गंमत अशी की मागणी एकसारखी नाही.

देगलूर, बिलोली, धर्माबाद हा तेलंगणाला लागून असलेला पट्टा. तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत अंबाडीला ‘गोंगुरा’ म्हणतात आणि तिची चटणी, डाळ, लोणचं वर्षभर लागतं. आपण पावसाळ्यात चार जुड्या नेतो नि विसरतो, पण या भागात अंबाडीला थोडं पाणी देऊन हंगामाबाहेरही ताजा पाला नेला तर तो राहत नाही.

नांदेड शहरात सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा आहे. शीख कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शिवाय पंजाबातून येणाऱ्या भाविकांची वर्दळ असते. हिवाळ्यात मोहरीचा कोवळा पाला, पानांसकट मुळा, सलगम यांची किंमत या घरांना कळते. आपल्याकडे मोहरीचा पाला भाजी म्हणून कुणी घेत नाही, म्हणून तो कुणी पिकवतही नाही. चार वाफे टाकून बघायला हरकत नाही.

लातूरचं गणित निराळं आहे. शिकवण्यांसाठी आलेली हजारो मुलं वसतिगृहांत आणि खोल्यांत राहतात, मेसमध्ये जेवतात. त्यांच्याकडे चूल नाही. त्यामुळे भाजी त्यांच्या कामाची नाही, पण बोरं, पेरू, सीताफळ, अंजीर, ड्रॅगन फ्रूट अशी हातात धरून खाता येणारी फळं ती नगावर घेतात.

आणि वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत घरटी भज्जी होते, आंबील होते. त्याआधीचे दोन-तीन दिवस ओला हरभरा, तुरीच्या ओल्या शेंगा, सोललेले वाटाणे, कांद्याची पात, नवी चिंच यांना जो उठाव असतो, तो वर्षात पुन्हा नाही. शहरात राहणाऱ्यांना शेंगा सोलायला वेळ नसतो. सोललेले दाणे पावशेराच्या मापाने मांडले तर शेंगांच्या कितीतरी पट भाव मिळतो. तसंच आषाढी एकादशीनंतरच्या द्वादशीला उपास सोडताना वाघाट्याची भाजी लागते. द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी तेच वाघाटे कुणी हातात घेत नाही. असे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

कुठे बसता येईल

- गावचा किंवा तालुक्याचा आठवडी बाजार. जागा ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची असते, वसुली बहुतेक ठिकाणी लिलावाने ठेकेदाराकडे दिलेली असते. नवशिक्यासाठी सर्वांत सोपी जागा हीच. एक करा: पहिल्या आठवड्यात माल न घेता नुसते जाऊन या. कोण कुठं बसतं, फळांची रांग कोणती, ऊन कुठून येतं ते बघा. कागदावर जागा कुणाच्या नावाची नसते, पण वीस वर्षं एका झाडाखाली बसणाऱ्या मावशींच्या जागेवर पाल टाकलंत तर दिवस भांडणात जाईल.
- शेतकरी ते ग्राहक थेट बाजार. राज्य कृषी पणन मंडळाने २०१६ मध्ये संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. २०२० मध्ये ‘विकेल ते पिकेल’ अंतर्गत कृषी विभागाचं रयत बाजार अभियान आलं. यांत शेतकरी किंवा शेतकरी गट स्वतःचा माल घेऊन बसतो, मध्ये आडत नसते. तुमच्या जवळ असा बाजार सध्या कुठं भरतो हे तालुका कृषी अधिकारी किंवा जिल्ह्याच्या ‘आत्मा’ कार्यालयात विचारा. एकट्यापेक्षा गटाला जागा लवकर मिळते.
- रानभाजी महोत्सव. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग जिल्हा-तालुका पातळीवर भरवतो. विक्री एका दिवसाची असते, पण ओळखी वर्षभर पुरतात. भाजीची पाककृती छापून नेली तर लोक फोन नंबर मागून घेतात.
- बचत गटांची प्रदर्शनं. ‘उमेद’च्या गटात असाल तर तुमच्या प्रभाग समन्वयकाला आधीच सांगून ठेवा.
- सोसायटी, शाळा-महाविद्यालयाचा परिसर, कार्यालयाचं फाटक. परवानगी त्या त्या संस्थेची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हात सैल असतो, हे लक्षात ठेवा.

हॉटेलांबद्दल थोडं जपून. एका हॉटेलवाल्याने आमची झुकिनी तीन आठवडे उधारीवर घेतली, मग “उद्या या” सुरू झालं. ते उद्या अजून आलेलं नाही. हॉटेलला द्यायचं तर प्रत्येक खेपेला वहीत सही घ्या आणि दुसऱ्या खेपेआधी पहिलीचे पैसे मागा.

परवाना लागतो का?

सर्वांत जास्त भीती याची, म्हणून नीट सांगतो.

बाजार समिती. स्वतःच्या शेतातला माल घरगुती वापरासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला किरकोळ विकणं राज्याच्या १९६३ च्या मूळ पणन कायद्यातही बंधनाबाहेर होतं. जुलै २०१६ पासून फळं आणि भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. म्हणजे यार्डाबाहेर भाजी-फळं विकायला बाजार समितीचा परवाना नको आणि सेसही नको. यार्डात नेलीत तरी भाजी-फळांवरची आडत खरेदीदाराने द्यायची असते. तुमच्या पट्टीतून ती कापली असेल तर समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार करा आणि पट्टी जपून ठेवा.

अन्नसुरक्षा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८ नुसार शेतकऱ्याने शेतावर पिकवलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही. पण तुम्ही त्याच भोकरांचं लोणचं घातलं, चिंचेचं सरबत केलं, फळ चिरून प्लेटमध्ये दिलं, किंवा दुसऱ्याचा माल घेऊन कायमचा गाडा लावला, की तो अन्नव्यवसाय होतो. मग ‘फॉसकॉस’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. छोट्या विक्रेत्याला ही साधी नोंदणी पुरते, मोठा परवाना नको. शुल्क वर्षाला १०० रुपयांच्या घरातलं आहे. अर्ज भरताना चालू दर आणि उलाढालीची मर्यादा पोर्टलवरच बघून घ्या. मोबाईल सेंटरवाला दोन हजार मागत असेल तर ते त्याचे, सरकारचे नव्हेत.

वजनकाटा. इथे मात्र बरेच जण अडकतात. किलोने विकायचं तर काटा वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलाच हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी आणि वजनमापांची दर २४ महिन्यांनी करून घ्यायची असते. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा छोटा काटा बाजारात चालत नाही. काटा नसेल तर नगावर किंवा जुडीवर विका. ड्रॅगन फ्रूट, सीताफळ, ब्रोकोलीचा गड्डा, अंबाडीची जुडी यांना वजनाची गरजच नाही.

आकर्षक पाकीट. बरेच तरुण शेतकरी पहिल्याच दिवशी छापील पाकिटं करून आणतात. माल आधीच बंद करून विकायला ठेवलात की पाकीटबंद वस्तूंचे नियम लागतात: नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख, किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं. आमचं मत, पहिलं वर्ष सुटा मालच विका. खर्च वाचतो आणि गिऱ्हाइकाला हाताळून बघता येतं.

कर. स्वतः पिकवलेल्या शेतमालाचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, ताज्या भाजी-फळांवर जीएसटी नाही.

सोबत ठेवायचे कागद. आधार, सातबारा किंवा शेतकरी ओळख क्रमांक. शेतकरी बाजारात ‘माल तुमचाच कशावरून’ असं विचारतात, म्हणून वेगळ्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत करून ठेवा. ड्रॅगन फ्रूटच्या खांबांची किंवा बांधावरच्या सीताफळांची नोंद सहसा राहूनच जाते. ज्यांच्याकडे सातबारा नाही, नुसतं परस आहे, त्यांनी बचत गटाच्या नावाने जाणं सोयीचं.

भाव कसा ठरवायचा

“बाजूवाला काय घेतो ते बघून” हे उत्तर मेथीला चालतं. बाजूला कुणी कर्टुले विकतच नसेल तर? मग दिवसाचा खर्च मांडा. समजा तुम्ही ८ किलो कर्टुले घेऊन निघालात.

- जाणं-येणं आणि पाटीचं भाडं: १२० रुपये
- जागेची पावती: २० रुपये
- कागदी पिशव्या: ३० रुपये
- चहा-नाश्ता: ५० रुपये
- तुमची दिवसाची मजुरी: ४०० रुपये

एकूण ६२० रुपये. मजुरी धरायला लोक विसरतात, विशेषतः बाया. “मी काय, घरचीच” म्हणतात. त्या दिवशी शेजारच्या शेतात खुरपायला गेला असतात तर मजुरी घेतलीच असती ना? ती धराच.

आता ८ किलोतले सगळेच जात नाहीत. पिवळे पडलेले, चवीला दिलेले, शेवटी उरलेले धरून दीड किलो वजा करा. राहिले साडेसहा. ६२० भागिले साडेसहा म्हणजे किलोला साधारण ९५ रुपये. हा झाला फक्त बाजारात बसण्याचा खर्च, वेलाचा नि खताचा खर्च अजून आलाच नाही. पावशेराला २५ रुपये लावलेत तर दिवसभर बसून हात हलवत घरी याल. पावशेराला ४० लावलेत तर साडेसहा किलोचे १,०४० येतात आणि खर्च जाऊन ४२० उरतात.

वेगळ्या मालाचा भाव नेहमी पावशेराचा सांगा. “एकशेसाठ रुपये किलो” ऐकलं की पाऊल पुढे पडतं, “चाळीसला पावशेर” ऐकलं की हात पाटीत जातो. आणि पहिल्या तासात भाव पाडू नका. सकाळी येणारं गिऱ्हाईक मालासाठी आलेलं असतं. भावासाठी येणारं चारनंतर येतं.

जाण्या-येण्याचा खर्च कमी करायचा असेल तर एक लक्षात घ्या: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. सामानाचं भाडं मात्र वेगळं पडतं, म्हणून दोघी-तिघींनी मिळून एक गाडी करणं बऱ्याचदा स्वस्त जातं.

तोडणीची चूक बाजारात सुधारता येत नाही

*कर्टुले.* याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. “वेल भरपूर, फुलं भरपूर, फळ एक नाही” अशी तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो. दहा मादी वेलांमागे एखादा नर वेल हवाच, आणि परसात चारच वेल असतील तर सकाळी नर फूल तोडून मादी फुलांवर हाताने फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली इवलंसं काटेरी कर्टुलं लगडलेलं असतं. फळ हिरवं, काटे मऊ, दाबलं की किंचित दबणारं असतानाच तोडा. दोन दिवस चुकलात की आतलं बी टणक होतं, साल पिवळी पडते. एका वेळेला सगळं न तोडता दोन-तीन दिवसांआड तोडा. पाणी मारू नका. मेथीसारखं पाणी शिंपडून ताजं दिसेल या समजुतीने लोक शिंपडतात आणि संध्याकाळी कर्टुले चिकट होतात.

*सीताफळ.* डोळे उघडून त्यांच्यामधल्या रेषा पांढरट-पिवळसर दिसू लागल्या की तोडा. कच्ची तोडलेली काळी पडून दगडासारखी राहतात. मांडताना तीन ढीग करा: आज खायचं, उद्याचं, परवाचं. गिऱ्हाइकाला हे सांगणारा विक्रेता क्वचित भेटतो, म्हणून लक्षात राहतो.

*ड्रॅगन फ्रूट.* तोडल्यावर ते आंब्यासारखं पिकत नाही. साल पूर्ण रंगल्यावरच, फूल उमलल्यापासून साधारण महिन्याने तोडा. घाईने तोडलेलं फळ बेचव लागतं आणि “दिसायला छान, चवीला पाणी” हे एकदा पसरलं की त्या बाजारात पुढच्या वर्षीही विकत नाही.

*दुधी, काकडी, वेगळ्या जातीचे भोपळे.* घरचं बी धरून लावलेल्या वेलाला कधी कधी कडू फळं येतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत. त्या वेलाचं एक फळ कापून, कणभर जिभेला लावून बघा. कडू लागलं तर थुंकून टाका आणि तो अख्खा वेल बाजारातून बाद.

रानात आपोआप उगवलेली अळंबी ओळखीची वाटली तरी विकू नका. धिंगरी विकायची ती बी आणून, घरात वाढवलेलीच.

किनवट-माहूरकडे जंगलातून गोळा केलेला माल विकणाऱ्यांसाठी एक ओळ: २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क वननिवासींना दिलेला आहे. गावाचा सामूहिक वनहक्क दावा मंजूर असेल तर त्याची प्रत ग्रामसभेकडून घेऊन जवळ ठेवा.

पाटीवर काय लिहाल, काय नाही

लिहा: मालाचं नाव, गाव, पावशेराचा भाव आणि कसं करायचं ते दोन ओळींत. “वाघाटे. चिरून बिया काढा, मिठाच्या पाण्यात उकळून पिळून घ्या, मग परता.” एवढं वाचून विशीतली मुलगीसुद्धा धाडस करते. आम्ही एका बाजारात पाहिलं, एक आजी दर गिऱ्हाइकाला भोकराचा चीक कसा काढायचा ते मिठाचं बोट लावून प्रत्यक्ष दाखवत होत्या. त्यांच्यापुढे गर्दी होती. बाजूच्या तरुणाकडे तशीच भोकरं होती, तो मोबाईल बघत बसला होता.

लिहू नका:

- “शुगर बरी होते”, “मुतखडा जातो”, “कॅन्सरवर गुणकारी”. रोग बरा करण्याचा दावा करून खाद्यपदार्थ विकता येत नाही, त्यासाठी दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठी भीती म्हणजे एखादा माणूस त्या भरवशावर गोळ्या बंद करेल.
- सेंद्रियचा शिक्का. २०१७ च्या नियमांनुसार स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण ‘जैविक भारत’चं चिन्ह प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही. साधं “आम्ही फवारणी केलेली नाही” म्हणा, तेही खरं असेल तरच. फवारणी केली असेल तर डब्यावर दिलेले तोडणीपूर्वीचे दिवस पाळा.
- दुसऱ्याच्या गावाचं नाव. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागातले असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून घ्या, ते तुमच्या फायद्याचं आहे. नसाल तर आपल्या कोथिंबिरीला आपल्याच गावाचं नाव द्या.

पावती, वसुली आणि उठवाउठवी

बाजाराची तहबाजारी देणं आपलं काम, पण पावती घेणं हा आपला हक्क. ठेकेदाराला मंजूर दरापेक्षा जास्त घेता येत नाही. दरपत्रक ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मागा. पैशाऐवजी “चार कर्टुले टाक पिशवीत” हा प्रकार सर्रास चालतो. नम्रपणे “भाऊ, पावती फाडा, पैसे घ्या” म्हणायची सवय पहिल्याच दिवशी लावा. एकदा माल दिलात की ती दर आठवड्याची रीत होते.

शहरात, म्हणजे नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेच्या हद्दीत, रस्त्याकडेला बसणार असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा ठाऊक असू द्या. रोज बसायचं असेल तर महापालिकेच्या फेरीवाला विभागात नोंदणीची चौकशी करा. पथविक्रेत्याचा माल उचलला गेला तर:

- उचललेल्या मालाची यादी करून सहीनिशी द्यावी लागते. ती मागा, नाही दिली तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा.
- नाशवंत माल असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावा लागतो. त्यासाठी ठरलेलं शुल्क भरावं लागतं, त्याचीही पावती घ्या.

लातूरला गंजगोलाईच्या गर्दीचा मोह सगळ्यांना होतो. सोळा रस्ते एकत्र येतात तिथे गिऱ्हाईक आहेच, पण वाहतुकीचा अडथळा म्हणून पहिला हात नवख्या विक्रेत्यावरच पडतो. सुरुवात तिथून नको.

प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिलाच दंड ५,००० रुपयांचा आहे. महिन्याभराची कमाई एका पिशवीत जाईल. वर्तमानपत्राच्या रद्दीत चिरलेला किंवा ओला माल देऊ नका, शाई लागते. पळसाची पानं, द्रोण, कागदी पिशव्या बऱ्या.

बी मागणारे भेटतील

तिसऱ्या-चौथ्या बाजाराला कुणीतरी नक्की विचारेल, “याचं बी मिळेल का?” शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायला, वाटायला, देवघेव करायला आणि विकायलाही २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने मुभा आहे. बंधन एवढंच की संरक्षित वाणाचं बी छापील नावाने, पाकिटात भरून विकायचं नाही. कर्टुल्याचे कंद, घरच्या अंबाडीचं बी, गावरान दोडक्याचं बी पुडीत बांधून द्यायला काहीच हरकत नाही. काही घरांना भाजीपेक्षा कंदांतून जास्त पैसे मिळतात. कंद देताना नर-मादीची गोष्ट मात्र सांगून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक भांडायला येईल.

उरलेल्या मालाचं काय?

पहिल्या तीन बाजारांत माल उरणारच, हे धरूनच निघा. नवा माल असेल तर पहिल्या दिवशी दोन-तीन किलोपेक्षा जास्त तोडू नका. चारनंतर भाव उतरवायचा की नाही यावर लोकांची दोन मतं आहेत. आमचं असं की पालेभाजीचा उतरवा, फळाचा नको. सीताफळ उद्या शेजारच्या गावात जातं, अंबाडी उद्या कुठंच जात नाही.

उतरवण्यापेक्षाही चांगला उपाय आम्हाला एका वाघाटेवाल्या काकूंकडे दिसला. शेवटची अर्धी पाटी त्यांनी शेजारच्या मिरचीवालीला, लसणीवाल्याला आणि चहाच्या टपरीवर मूठ-मूठ वाटून टाकली. पुढच्या बाजारी त्यांना यायला उशीर झाला. त्या पोहोचल्या तेव्हा मिरचीवालीने त्यांच्या जागेवर स्वतःची पाटी ठेवून जागा धरली होती आणि दोन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं होतं.